गाणं राखीव झालं

२ जानेवारी २००६
रोजनिशी सुरू. डायरी मेडिकलवाल्याने फुकट दिली. प्रत्येक पानाच्या तळाला एका औषधाची जाहिरात आहे. आजच्या पानावर जंतांची गोळी. दुर्लक्ष केलं.
संकल्प: रोज लिहायचं. तंबाखू बंद. रोज दहा इंग्लिश शब्द पाठ. आणि मुख्य म्हणजे आईची गाणी जगापुढे आणायची.

३ जानेवारी
आज काही घडलं नाही. तरी लिहिलं. याला शिस्त म्हणतात.

८ जानेवारी
मधले दिवस कामात गेले. तंबाखू एकदाच.
माझा सायबर कॅफे मुरबाडच्या एसटी स्टँडमागे. कॉम्प्युटर दोन, पैकी चालू एक. दुसरा दिसायला बरा म्हणून ठेवला आहे. पोरं रिझल्ट बघायला आणि चॅटिंगला येतात. आपल्या भागात इंटरनेट म्हणजे काय ते कळणारा माणूस सध्या मी एकटाच.
आई जाऊन आता दुसरा पावसाळा सरला. वैशाखऱ्याच्या आसपासच्या वाड्यांवर कुणाकडेही हळद असली की आईला, म्हणजे गुणाबाईला, बोलावणं यायचं. ती पुढची ओळ धरायची आणि बाकीच्या बाया मागून ओढायच्या. एकदा मी टेप घेऊन तिला ओट्यावर बसवलं होतं. पाच गाणी भरली. कॅसेट ट्रंकेत होती, आज ती वायरीने कॉम्प्युटरवर घेतली. एक लावून पाहिलं. आवाज आईचाच. काही वाटलं नाही. स्पीकर लहान आहेत, त्यामुळे असेल.

११ जानेवारी
फुकटात साइट देणारी कंपनी सापडली. नाव 'सबकाघर डॉट नेट'. मोफत जागा, आणि तीही कायमची. असं त्यांनीच लिहिलं आहे.
एक गाणं चढायला अख्खी दुपार जाते. आज अर्ध्यावर असताना बाने वाडीवरून उतरून, वैशाखऱ्याच्या एसटीडीवरून फोन केला. लाइन तुटली. गाणं पुन्हा पहिल्यापासून. बाला विचारलं काय काम. म्हणाला, काय नाय रे, लागतो का बघत होतो.

१९ जानेवारी
पाचही गाणी चढली. साइट सुरू!! आता गाणी अमेरिकेत ऐकू येऊ शकतात. पाहणाऱ्यांचा आकडा खाली आपोआप पडतो. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस. त्यातले थोडे माझे असतील.
शब्दही टाइप करून टाकले पाहिजेत. उद्या.

२३ जानेवारी
माझी बहीण भिमी दुकानात आली होती. तिचं लग्न ठरलं. किन्हवलीचा हरेश, शहापूरकडे कंपनीत आहे. हळद मे महिन्यात. भिमी कॅसेट मागत होती. म्हणाली, आय नाय तर तिचा आवाज तरी हळदीला असावा, मला दुसरं काय नको.
मी तिला शांतपणे समजावलं. कॅसेट म्हणजे मागासलेपणा. तिला बुरशी लागते, टेप गुंडाळते. आता आई वर आहे. तिने विचारलं, वर म्हंजे? मी म्हणालो, अमेरिकेत, सर्व्हरवर. तिने विचारलं, आय अमेरिकेत काय करते? यावर बराच वेळ गेला. हळदीला मांडवात आईचा आवाज लावून देणार, असा शब्द दिला. जाताना तिचे डोळे ओले होते. आनंदाने असावेत.

२६ जानेवारी
ध्वजवंदन. कॅसेट आता बिनकामाची पडून होती, म्हणून तिच्यावर माझं मनोगत रेकॉर्ड केलं. 'मी या साइटचा संस्थापक' असं सुरू होतं. ए बाजूला खोकला आला. बी बाजूला पुन्हा घेतलं. बी बाजू जास्त प्रभावी आहे.

६ फेब्रुवारी
कॉम्प्युटरमध्ये व्हायरस. कल्याणहून रिपेअरवाला आला. फॉरमॅट मारावं लागेल म्हणाला, आणि विचारलं, आतलं काय ठेवायचं आहे का. मी हसलो. सांगितलं, सगळं वर आहे. इंटरनेट हाच माझा बॅकअप. तो म्हणाला, बघा हां साहेब. अशा माणसांची मला कीव येते. रिपेअरिंग करतात, पण त्यांचा टेक्नॉलॉजीवर विश्वास नाही.

९ फेब्रुवारी
हळदीची योजना पक्की केली. वाडीवर फोन नाही, त्यामुळे सरपंचांच्या घरून मांडवापर्यंत वायर ओढायची. मध्ये एक ओढा आणि दोन शेतं आहेत. किरकोळ.
इंग्लिश शब्द आजपर्यंत चार.

१४ फेब्रुवारी
मोठा शोध. एका साइटवर गोलात 'सी' काढलेला दिसला. चौकशी केली. त्याला कॉपीराइट म्हणतात. हे चिन्ह टाकलं की वस्तू आपली. इतकं सोपं असताना लोक आयुष्यभर कष्ट का करतात कळत नाही.
ताबडतोब पानावर टाकलं: 'सर्व हक्क राखीव. © भगीरथ मंगळू मेंगाळ.' अक्षरं ठळक, लाल. खाली लहान अक्षरांत 'आवाज: गुणाबाई'. आईचं नावही असावं असं मला मनापासून वाटलं.
दुकानाच्या बोर्डावरही चिन्ह काढून घेतलं. पेंटरने विचारलं, ही जिलबी का काय?

२७ फेब्रुवारी
वाडीवर वाळूकाकाकडे लग्न. हळदीला गेलो आणि धक्काच बसला. बाया उघड्यावर, बिनदिक्कत, आईचीच गाणी म्हणत होत्या. जनाकाकी सगळ्यांत पुढे. कुणालाही कसलीही परवानगी नाही.
मी गाणं थांबवलं. उभं राहून समजावून सांगितलं की या गाण्यांचे आता सर्व हक्क राखीव झाले आहेत. जनाकाकीने विचारलं, राखीव म्हंजे रे भग्या? मी म्हणालो, राखीव म्हणजे राखीव. परवानगी घेतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर कारवाई. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मग एकदम सगळ्या गप्प. पुढची हळद मुकाट्याने लागली.
कायद्याबद्दल इतका आदर मला मुरबाडमध्येसुद्धा दिसला नाही. समाधानाने जेवलो. वाळूकाका मात्र माझ्याशी बोलला नाही. कामात असेल.

५ मार्च
भिमीकडून कळलं. बायांना 'राखीव' म्हटल्यावर फॉरेस्ट आठवलं. मागे डोंगर राखीव झाला तेव्हा लाकडाला गेलेल्या बायांचे कोयते गार्डाने ठेवून घेतले होते. तेव्हापासून त्या बाजूला कुणी फिरकत नाही. आता जनाकाकीने वरच्या-खालच्या सगळ्या वाड्यांवर निरोप धाडला आहे की गुणाची गाणी राखीव झाली, कोण म्हणू नका, धरतील. शेजारच्या बारकीने विचारलं म्हणे, लाकडाला गेलं तर कोयता ठेवून घेतात, गाण्याला काय ठेवून घेतील? जनाकाकीने सांगितलं, बोंबलू नको, गप बस.
गैरसमज दूर करावा असं आधी वाटलं. मग विचार केला, परिणाम तोच आहे. मोठमोठ्या कंपन्यांना वकील ठेवून जे जमत नाही ते मी एका वाक्यात केलं.
भिमी म्हणाली, लोका नाराज हायेत दादा, हळदी मुक्या लागतात. मी म्हणालो, सवय होईल.

१२ मार्च
वैशाखऱ्यात लग्न. गाणी नाहीत. मोटरसायकलच्या बॅटरीवर टेप लावला होता, हिंदी गाणी. अंमलबजावणी उत्तम.
तंबाखू सोडण्याची तारीख गुढीपाडव्यावर ढकलली. मुहूर्त असलेला बरा.

१९ मार्च
धसईच्या बाजारात चोरी पकडली.
पंढरीचं सीडीचं दुकान, म्हणजे भाजीवाल्यांच्या रांगेत एक टेबल. लांबूनच आवाज ऐकू आला. आई. मी भेंडी घेत होतो, हातातली भेंडी तशीच राहिली. टेबलावर सीडीचा ढीग. कव्हरवर बर्फात उभी असलेली कोणी बाई, आणि वर मोठ्या अक्षरांत 'गुणाबाईंची हळदीची गाणी'. माझं नाव कुठेही नाही. उलटसुलट करून पाहिलं.
पंढरी म्हणाला, ही तुझ्या साइटवरची नाय रे. माझ्या बहिणीच्या हळदीला गुणाकाकी आमच्या ओट्यावर बसून गायलेली, मीच भरलेली, मधी आमचं कुत्रं पण भुंकतंय बघ. मी म्हणालो, शब्द तेच, चाल तीच, आवाज तोच, मग गाणं वेगळं कसं? तो म्हणाला, हळदीचं गाणं हाय ते, त्याचा कोण मालक असतो का? चोर हेच बोलतो.
मी साइटच्या पानाची प्रिंट खिशातून काढली. लाल अक्षरं दाखवली. पोलीस, कोर्ट, जेल, सगळं सांगितलं. गर्दी जमली. शेवटी पंढरी म्हणाला, तुझी आयस होती. तू नको म्हणतोस तर नाय विकत. सगळा खोका माझ्यासमोर ठेवला.
खिळा मागून घेतला आणि तिथेच एकेक सीडी दोन्ही बाजूंनी ओरखडली. वेळ लागला. एक म्हातारी म्हणाली, अरे एक ठेव, एकदा ऐकू दे. कायद्यात अपवाद नसतो हे तिला सांगितलं. मग पंढरीच्या घरी जाऊन त्याच्या कॉम्प्युटरमधूनही पुसायला लावलं, माझ्या डोळ्यांदेखत. त्याने चहा दिला. गुन्हेगाराच्या घरचा चहा घ्यावा का, यावर थोडा विचार केला. घेतला. साखर जास्त होती.
भेंडी बाजारातच राहिली.

२५ मार्च
काम अर्धवट ठेवणं माझ्या स्वभावात नाही. पंढरीने गाणी इंटरनेटवर कुठेतरी चढवली असली तर? सबकाघर कंपनीकडे तक्रारीचा फॉर्म आहे, तो भरला. इंग्लिश आहे. डिक्शनरी घेऊन बसलो, आता एकूण शब्द एकोणतीस झाले.
एक चौकोन होता, 'ऑल कॉपीज'. म्हणजे सगळ्या प्रती. त्यावर टिक केली. शिवाय खालच्या रिकाम्या जागेत माझ्या शब्दांत लिहिलं की, ही पाच गाणी जिथे जिथे आढळतील तिथून ती तात्काळ समूळ काढून टाकावीत, कुणाचीही गय करू नये. ओळखायला सोपं जावं म्हणून नमुना म्हणून माझ्या साइटचा पत्ता दिला.
पाठवताक्षणी उत्तर आलं, थँक यू. इकडे तहसीलदार ऑफिसात चार फेऱ्या मारल्या तरी कुणी मान वर करत नाही. तिकडे अमेरिका लगेच आभार मानते.

३० मार्च
गुढीपाडवा. तंबाखू सोडली.

३१ मार्च
धरली. भारनियमनामुळे दुकानात बसून दुसरं करण्यासारखं काही नसतं.

४ एप्रिल
साइट उघडत नाही. माझीच नाही, सबकाघरवरची कुठलीच साइट उघडत नाही. पडद्यावर एकच ओळ: आदेशानुसार ब्लॉक.
इंटरनेट देणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथला मुलगा म्हणाला, वरून ऑर्डर आहे सर, सबकाघरवरचं कुणाचं तरी एक पान बंद करायचं होतं. एक पान वेगळं कसं बंद करतात ते आमच्याकडे कुणाला माहीत नाही, म्हणून सगळंच बंद केलंय. म्हणजे एका खोलीत भांडण झालं म्हणून अख्ख्या चाळीला कुलूप. मी विचारलं, बाकीच्यांचं काय? तो म्हणाला, तक्रार एकाचीही नाही सर, तुमचाच पहिला फोन.
फोन ठेवल्यावर लख्ख प्रकाश पडला. ते एक पान पंढरीचंच असणार! माझ्या तक्रारीची दखल थेट वरपर्यंत गेली. एवढी मोठी कारवाई देशात कुणाच्या अर्जावर झाली असेल असं वाटत नाही. थोडी माझी गैरसोय होते आहे, पण ती मी सोसतो.

८ एप्रिल
भिमीचे होणारे सासरे, किन्हवलीचे नथूमामा, दुकानात येऊन गेले. बाने त्यांना बोलणीच्या वेळीच सांगून ठेवलं होतं की माझ्या पोराची मुरबाडला साइट हाय. त्यांनी विचारलं, काय म्हणते साइट? मी म्हणालो, ब्लॉक झाली. ते फार खूश झाले. मला आश्चर्य वाटलं. म्हणाले, वा, किती ब्लॉक? मी म्हणालो, अख्खी साइटच. त्यांनी विचारलं, मग पझेशन कधी? मी म्हणालो, वरून ऑर्डर आली की. तेव्हा ते जवळ सरकून म्हणाले, एक ब्लॉक आमच्या हरेशसाठी बघा, तळमजल्याचा नको, पाणी शिरतं.
ते गेल्यावर लक्षात आलं. मुरबाडमध्ये साइट म्हणजे बिल्डिंगची, आणि ब्लॉक म्हणजे वन रूम किचन. खुलासा करणार होतो, पण तोवर त्यांची किन्हवलीची गाडी सुटली. लग्न ठरलेलं असताना घोळ नको. शिवाय ते जाताना मला 'भगीरथशेठ' म्हणाले.

१७ एप्रिल
ब्लॉक उठला. सकाळी दुकान उघडून साइट लावली.
पान पांढरं. मधोमध इंग्लिशमध्ये काही. डिक्शनरी लागली नाही, सगळे शब्द येत होते. हक्कदाराच्या तक्रारीवरून इथला मजकूर काढून टाकण्यात आला आहे. तक्रारदार: भगीरथ एम. मेंगाळ.
माझं नाव अमेरिकेच्या पानावर इतक्या स्वच्छ अक्षरांत पाहून आधी अभिमान वाटला. खरंच वाटला.
नंतर बसून राहिलो. लाइट गेली. तसाच बसलो होतो. एक पोरगा चॅटिंगला आला आणि लाइट नाही बघून गेला.

१८ एप्रिल
किरकोळ तांत्रिक अडचण आहे. कंपनीला कळवलं की तक्रार करणारा मीच आणि गाणी चढवणाराही मीच. समजूतदार लोक आहेत. दोन दिवसांत होईल.

२१ एप्रिल
कंपनीचं उत्तर. गाणी परत हवी असतील तर ज्याने ती चढवली त्याने तक्रारदाराच्या विरुद्ध हरकत घ्यावी. म्हणून मी माझ्याविरुद्ध हरकत घेतली. लगेच तक्रारदार म्हणून मलाच दुसरा मेल आला की, भगीरथ मेंगाळ नावाच्या इसमाने आपल्याविरुद्ध हरकत घेतली आहे, आपण त्याच्यावर कोर्टात जाणार काय?
दोन्ही बाजूंनी माझी केस भक्कम आहे.

२६ एप्रिल
कळवलं की कोर्टात जात नाही, मोठ्या मनाने माघार घेतो. उत्तर आलं. माघारीची नोंद घेतली आहे. पण 'ऑल कॉपीज'ची मागणी असल्यामुळे फाइल सर्व्हरवरून पूर्ण पुसली गेली आहे. सेवा मोफत असल्यामुळे प्रत ठेवण्याची जबाबदारी कंपनीची नाही. आपण आपली मूळ प्रत पुन्हा चढवू शकता.
शेवटी थँक यू.

२८ एप्रिल
घाबरण्याचं कारण नाही. गाणी कुठे ना कुठे असणारच.
कॅसेट लावली. 'मी या साइटचा संस्थापक.' बाजू बदलली. तेच, खोकल्याशिवाय. शेवटपर्यंत ऐकली, मागे काही राहिलं असेल म्हणून. नाही राहिलं. मी फार वेळ बोललो आहे.
कल्याणच्या रिपेअरवाल्याला फोन केला. पुसलेलं परत मिळतं का विचारलं. तो म्हणाला, त्यावर तुम्ही केव्हाचं दुसरं भरलं असेल साहेब. पोरांनी गेम भरले आहेत.

३ मे
धसईला पंढरीकडे गेलो. त्याने काही ऐकवलं नाही, त्यामुळे जास्त त्रास झाला. सगळं घर शोधलं. म्हणाला, त्या दिवशी तूच पुसायला लावलंस ना रे. मग त्याला आठवलं, धसईच्याच लडकूने आधी एक विकत घेतली होती. दोघं त्याच्या शेतावर गेलो. लडकूने सांगितलं, मशीन बिघडलं, म्हणून सीडी भेंडीच्या वाफ्यात टांगली, पाखरं येत नाय. काठीला बांधलेली होती. उन्हात छान चकाकत होती. सोडवून पंढरीकडे आणून लावली. मशीन नुसतं फिरत राहिलं. मध्ये एकदा कुत्रं भुंकल्याचा आवाज आला. परत लावली तर तोही नाही.
पंढरीने चहा दिला. प्यायलो.

७ मे
भिमीला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगणार आहे. काल ती विचारत होती, दादा, ओढ्यावरनं वायर आणायला किती गडी लागतील, बा माणसं सांगून ठेवतो. मी म्हणालो, वायर लागणार नाही, आता बिनवायरचं तंत्र आलं आहे. तिने मैत्रिणींना सांगून ठेवलं आहे की हळदीला आय गाणार.

१० मे
योजना तयार. हळद संध्याकाळी आहे. त्या वेळी आमच्याकडे रोज भारनियमन असतं. लाइट नाही म्हटल्यावर गाणं लावायचा प्रश्नच नाही. वाईट मलाही वाटेल, पण त्याला सरकार जबाबदार. या योजनेत काहीही चुकू शकत नाही.

१३ मे
उद्या हळद. मी अगदी शांत आहे. आईची आठवण काढायचा प्रयत्न केला, काय वाटतं बघायला. काही वाटलं नाही. तिचा चेहरा आठवला, नऊवारीचा रंग आठवला. आवाज आठवत नव्हता. दगदग फार झाली आहे.

१५ मे
कालचं लिहितो.
लाइट गेली नाही. महिनाभरात पहिल्यांदाच. नथूमामांनी सोयऱ्यांकडून म्हणून साउंडवाला पाठवला होता, एवढाले दोन स्पीकर. मांडव भरलेला. भिमी पाटावर बसली, समोर हळदीची वाटी. माझ्याकडे बघून म्हणाली, लाव दादा.
मी सांगितलं. आधी सर्व्हरचं सांगत होतो, मग कंपनीच्या नियमांचं, मग एवढंच म्हणालो की नाही, भिमे, कुठेच नाही. पुसलं गेलं. माझ्याकडून. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हातातल्या हिरव्या बांगड्या मागे-पुढे करत राहिली. बा उठून मांडवाबाहेर गेला.
मग भिमी जनाकाकीला म्हणाली, काकी, मशीन नको, आयचं ते पावलांचं गाणं तुमी म्हणा. जनाकाकीने माझ्याकडे पाहिलं. तिने खरंच विचारलं, थट्टा नाही. म्हणाली, भग्या, राखीव हाय ना रे? म्हणू का? पोरीच्या हळदीला कोण धरणार नाय ना? सगळ्या बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हणालो, म्हणा. परवानगी आहे. मांडवातली माणसं हसली नाहीत. मला तेव्हा लाज वाटली. लग्नसराईभर या बाया गप्प बसल्या होत्या, माझ्या एका शब्दामुळे.
बाया सरकून जवळ बसल्या, पदर नीट केले. आणि तशाच बसून राहिल्या. जनाकाकी म्हणाली, दुसऱ्या गाण्यांच्या पुढच्या ओळी मला येतात, पण पोरीला तेच पायजे, तिच्या आयसचं. त्याची पुढची ओळ गुणाच धरायची. आमी कायम मागनं ओढलं. पुढचं आमच्यातल्या कुणालाच नाय. तू भरून घेतलंस, तुझ्याकडं होतं, मालक तू. तू पुढची धर, आमी ओढतो.
मी उभा राहिलो. पहिली ओळ म्हणालो. उंबऱ्याच्या आत माझी पावलं गो ओली. माझा आवाज बारीक निघाला, पण बायांनी ओढली, ओली गो ओली, पावलं गो ओली, आणि मांडव भरून गेला. क्षणभर आईच मध्ये बसली आहे असं वाटलं. मला खरंच तसं वाटलं.
मग बाया थांबल्या. दुसरी ओळ मी धरायची होती.
मी थांबलो. मला आठवायला वेळ मिळावा म्हणून जनाकाकीने पहिलीच ओळ पुन्हा ओढली. बाकीच्यांनी साथ दिली. पुन्हा थांबल्या. मी तोंड उघडलं. पुन्हा पहिलीच ओळ ओढली, या वेळी हळू. पाच गाणी मी एकेक दुपार बसून चढवली होती. तेव्हा मी पडद्यावर आकडा किती वर गेला ते बघत होतो.
भिमी माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, ऱ्हाऊ दे दादा. बस तू.
मी बसलो.